मक्याच्या गोदामात काय लावावं: वास ओळखणारं यंत्र की साधा मीटर?

खानापूर-बेळगाव पट्ट्यात मका घरात येतो तेव्हा परतीच्या पावसाची ओल अजून हवेत असते. दाणा वरून कडक लागतो, गाभा दमटच. थप्पी लावली की मधली पोती आतून तापू लागतात, आणि कुबट वास दारापर्यंत येईतो ती गेलेलीच असतात. त्यामुळे वास पकडणारं यंत्र घ्यावं का, हा प्रश्न रास्त आहे.

पर्याय तीन आहेत. पहिला जैवसंवेदक. त्यात कीटकांच्या किंवा प्राण्यांच्या घ्राणेंद्रियातली वास पकडणारी प्रथिनं इलेक्ट्रोडवर बसवतात. सस्तन प्राण्यांमधल्या अशा प्रथिनांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. बुरशीचा नेमका वास ओळखण्याची याची क्षमता मोठी आहे. पण प्रथिनं नाजूक, उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या गोदामात ती टिकायची नाहीत. आज तरी ही प्रयोगशाळेतली वस्तू आहे, तिच्या भरवशावर माल ठेवू नका.

इलेक्ट्रॉनिक नाक त्यापेक्षा दणकट. १९८२ मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात पर्सॉड आणि डॉड यांनी त्याचा पहिला नमुना मांडला. त्यातले टिन ऑक्साइडचे संवेदक दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवलेले असतात. वाफ लागली की त्यांचा विद्युतरोध बदलतो. अडचण आपल्या हवेची आहे. जुलैतल्या दमटपणानेही तो रोध बदलतो, म्हणून चांगल्या आणि खराब मक्याचे आपल्याकडचेच नमुने देऊन यंत्राला पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. शेकडो पोत्यांची आवक तपासणाऱ्या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला हे परवडेल. एकट्या शेतकऱ्याला नाही.

तिसरा, कार्बन डायऑक्साइडचा मीटर. माझा कौल यालाच. पूर्वी ज्वारीचं पेव उघडलं की जुनी माणसं लगेच कुणाला उतरू देत नसत, आधी कंदील सोडून तो विझतो का ते बघत. कोंडलेलं धान्य श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. बुरशी आणि सोंडे वाढले की हाच वायू वाढतो, तोही वास येण्याआधी. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो. बंद थप्पीत ६०० च्या वर गेला की लक्ष ठेवा, १५०० ओलांडला की थप्पी फोडा. मीटर काही हजारांत मिळतो. दारं उघडी ठेवून घेतलेला आकडा मात्र खरा धरू नका. त्याच्या आधी ओलावा मोजायचं यंत्र घ्या. पावसाळाभर ठेवायचा मका १२ टक्क्यांवर आणूनच भरा.

यातलं एकही यंत्र अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीनं दाण्यात सोडलेलं विष, दाखवत नाही. या विषाला वास नाही, आणि बुरशी झटकली तरी ते दाण्यात राहतं. संशय आला तर नमुना तपासून घ्या आणि तोवर ती पोती म्हशीपुढेही टाकू नका, कारण ते दुधात उतरतं.