लायसन्स-फ्री म्हणून घेतलेले वॉकीटॉकी: ४७,५८० रुपये गेले आणि सेट चालू करायचीही सोय नाही

आधी हिशोब देतो, कारण प्रत्येकाला वेगळं सांगून सांगून मी कंटाळलोय. सहा हँडसेट, एक ४,८५० ला, म्हणजे २९,१००. लीड (सगळ्यात पुढची) आणि स्वीप (सगळ्यात मागची) गाडीसाठी टपावर लावायचे दोन मॅग्नेटवाले अँटेना, ३,४५० प्रमाणे ६,९००. "चॅनल प्रोग्रामिंग" १,५००. कुरिअर ४८०. आणि वरून "रजिस्ट्रेशन", सेटमागे १,६०० प्रमाणे ९,६००. एकूण ४७,५८०. यात पाच जणांचे पैसे आहेत आणि ते सगळे माझ्या शब्दावर दिलेले, म्हणून जास्त जळतंय.

ऑफ-रोडिंग करणाऱ्यांना सेट का लागतो ते सांगायला नको. घाटात नेटवर्क नसतं, लीडवाला ओढा ओलांडून पुढे गेला की मागच्याला कळत नाही कुठल्या चाकोरीतून काढायची, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावताना ओरडून सांगावं लागतं. हाताने खुणा करून किती वर्षं चालवणार. आणि आम्ही काही पहिला दिसला तो सेट उचलला नाही हं. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन साइट्सना वॉकीटॉकी विकण्यावरून नोटिसा काढल्या होत्या, फ्रिक्वेन्सी लिहिलेली नाही, लायसन्स लागतं का ते सांगितलेलं नाही, ईटीए (उपकरणाला सरकारी मंजुरी असल्याचं प्रमाणपत्र) नाही वगैरे, ती बातमी मीच ग्रुपवर टाकली होती. त्याच बातमीमुळे म्हटलं साइटवरून नको, नीट कागदपत्रं देणारा डीलर बघू. आणि ज्याच्याकडून शेवटी सेट घेतले तो डीलर नेमका त्याच बातमीवर धंदा करत होता! त्याच्या पेजवर तेच कात्रण पिन करून ठेवलेलं, खाली लिहिलेलं "बेकायदेशीर सेट घेऊ नका, आमच्याकडे फक्त ईटीए अप्रूव्ह्ड". आता सांगा, सावध माणूस अजून कुठे जाणार?

त्याने सांगितलेलं असं: ८ वॅट, १० किलोमीटर रेंज, अँटेना काढता येतो, आणि पूर्ण लायसन्स-फ्री. हे चारही एका सेटमध्ये बसूच शकत नाही, हे मला आज तोंडपाठ आहे. भारतात बिनालायसन्स वापरायला जी पट्टी मोकळी आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, २०१८ च्या नियमांनी, आणि ती कमी पॉवरच्या उपकरणांसाठी आहे. असले सेट साधारण अर्ध्या वॅटचे असतात आणि त्यांचा अँटेना बहुतेक वेळा फिक्सच असतो. मर्यादा अँटेनातून बाहेर पडणाऱ्या पॉवरवर असते, त्यामुळे लांब अँटेना लावून "गेन वाढवला" की तुम्ही त्या मर्यादेतून बाहेर जाता. कोणी ५ वॅट, ८ वॅट म्हणाला आणि पुढच्या वाक्यात लायसन्स-फ्री म्हणाला की फोन ठेवा.

रेंजचा व्हिडिओ पण दाखवला होता. दोन माणसं, दोन डोंगरमाथे, मधे सगळी दरी, आवाज खणखणीत. तो व्हिडिओ खोटा नसेलही. माथ्यावरून माथ्यावर अर्ध्या वॅटचाही सेट लांब बोलतो कारण मधे काही आडवं येत नाही. पण आपण ट्रेलवर माथ्यावर नसतो, आपण खाली खोबणीत असतो, मधे डोंगराची सोंड आली की यूएचएफ (या सेटच्या लहरी) तिथेच संपतं, मग २ वॅट असो नाहीतर ८. पॉवर दुप्पट केली तरी फक्त ३ डेसिबल मिळतात, कानाला जेमतेम कळतील एवढे. वर सेट गाडीच्या पत्र्याच्या आत धरून बोलायचं, म्हणजे अर्धा जीव तिथेच गेला. त्यामुळे टपावरचा अँटेना ही कल्पना चुकीची नव्हती, लायसन्सवाल्या सेटला लोक तेच करतात. पण विकणाऱ्याने "लीड गाडी कुठली, हार्डटॉप पत्र्याचा का फायबरचा" एवढं तरी विचारायचं ना! आमच्या लीड गाडीला फायबरचा हार्डटॉप. मॅग्नेट चिकटेना. फोन केला तर म्हणतो "डबल साइड टेप लावा सर". अरे, तो पत्रा नुसता चिकटवायला नसतो, तो अँटेनाच्या खालची जमीन असतो, त्याच्याशिवाय असला अँटेना धड चालत नाही. आणि केबल दिली पाच मीटर, पेन्सिलच्या शिशासारखी बारीक, आरजी-१७४. या फ्रिक्वेन्सीला तेवढ्या लांबीत साधारण निम्मी पॉवर केबलच खाते. ३,४५० रुपये देऊन पॉवर कमी करायचं यंत्र घेतलं आम्ही.

आता तो फोन. हा मी विसरू शकत नाही. पैसे भरून झाले होते, पार्सल निघायचं होतं, आणि दुपारी फोन आला, "सर एक छोटं राहिलं, डब्ल्यूपीसी (सरकारचा वायरलेस विभाग) रजिस्ट्रेशन, पर सेट सोळाशे, नाहीतर नाक्यावर पकडलं तर आमची जबाबदारी नाही." मी म्हटलं, "पण हे लायसन्स-फ्री आहेत ना?" शब्दशः हेच विचारलं. तो एक सेकंदही अडखळला नाही. म्हणाला, "लायसन्स फ्री आहे सर, रजिस्ट्रेशन फ्री नाही." आणि मी "बरं" म्हणालो! बरं!! लायसन्सच लागत नाही तर रजिस्ट्रेशन कसलं, कुणाकडे, कुठल्या कलमाखाली, एक प्रश्न विचारला असता तर निदान ९,६०० वाचले असते. पण मी मीटिंगमधून बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये उभा, आत मॅनेजर वाट बघतोय, आणि शब्द तरी कसला वापरला बघा, नाका. सहा गाड्या, पोलिसांनी थांबवलंय, पोरं मागे बसलीत, एवढं चित्र डोळ्यासमोर आलं की माणूस पैसे भरतो. तुम्हीही भरले असते. शिवाय पैसे घेतले वेगळ्या यूपीआयवर, नाव बाईचं, म्हणे अकाउंट्सच्या मॅडम.

ईटीएचा पीडीएफ मागितला तेव्हा लगेच पाठवला होता, म्हणून विश्वास बसला. त्यात मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं होतं, तेही मी विचारलं, "सिरीजचं एकच सर्टिफिकेट असतं" म्हणाला. तसं नसतं. सेटच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल आणि कागदावरचा मॉडेल अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, आणि विकणाऱ्याने पाठवलेल्या पीडीएफवर न थांबता सरकारच्या सरल संचार पोर्टलवरून खात्री करायची.

सेट आल्यावर ओळखीच्या एका हॅमवाल्याकडे (हौशी रेडिओ चालवणारा) नेले, रीतसर परीक्षा दिलेला माणूस. त्याने अँटेना काढला, त्याच्या जागी डमी लोड (चाचणीसाठीचा खोटा अँटेना) लावला, मीटर जोडला, पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं. काटा २ वॅटच्या थोडा पुढे जाऊन थांबला. म्हणजे जाहिरातीपेक्षा कमी आणि कायद्यापेक्षा जास्त, दोन्हीकडून मेलो. मग फ्रिक्वेन्सी बघितली, ४६२ च्या आसपास. ती अमेरिकेतल्या लोकांसाठीची चॅनलं, कारखान्यातून आली तशीच! १,५०० रुपयांचं प्रोग्रामिंग म्हणजे बॉक्सवर लावलेला स्टिकर. हॅमवाला शांतपणे म्हणाला, हे चालू करू नकोस आणि कुणाला विकू पण नकोस. आणि हो, कोणी सांगेल की हॅमचं लायसन्स काढ म्हणजे झालं. ते ज्याचं त्याला असतं, सहाही जणांनी परीक्षा द्यावी लागेल, आणि ते हॅमच्या ठरलेल्या पट्ट्यांत, ४६२ वर नाही.

यानंतर खरी करमणूक. पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी विचारलं, "माल मिळाला का?" म्हटलं मिळाला. "मग फसवणूक कसली?" म्हटलं रजिस्ट्रेशनचे ९,६०० खोटे आहेत. म्हणाले ऑनलाइन भरले ना, सायबरला जा. सायबरवाल्यांनी दीड तास बसवलं आणि सांगितलं की वस्तू हातात आली म्हणजे हा ग्राहकांचा वाद, आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीच्या ठिकाणी फोन केला तर विक्रेत्याचा जीएसटी नंबर द्या, पत्ता द्या. बिलावर जीएसटी नंबर होता, तो निघाला कुठल्यातरी कापडवाल्याचा. मग "तक्रार नोंदवली आहे" असा मेसेज आला आणि पुढे "निकाली काढली आहे" असा मेसेज आला, मधे काय झालं ते देवाला माहीत. शेवटी वायरलेसशी संबंधित एका कार्यालयात गेलो, म्हटलं यांना तरी राग येईल. तिथल्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "हे सेट सध्या कुणाच्या ताब्यात आहेत?" मी म्हटलं माझ्या. "लायसन्स?" म्हटलं तेच तर सांगतोय साहेब. म्हणाले, १९३३ च्या वायरलेस कायद्यात बिनालायसन्स सेट नुसता बाळगणं हाही गुन्हा आहे, माहीत आहे का? म्हणजे विकणारा मोकळा, आणि आरोपी कोण तर मी! लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं, पोच मागितली, तर शिक्का मारणारी व्यक्ती रजेवर. एका टेबलावर सांगितलेलं दुसऱ्या टेबलाला माहीत नाही, आणि प्रत्येक टेबलावर पहिलं वाक्य एकच, "तुम्ही आधी चौकशी करायला हवी होती". अहो केली होती! चौकशी केली म्हणून तर याच्याकडे गेलो!

पैसे जाऊन फार वेळ झाला नसेल तर ठाण्यात जाण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पुढच्या खात्यातून पैसे निघायच्या आत कळवलं तर ते अडवता येतात. मी दोन्ही पेमेंटं एकच प्रकरण समजून बसलो. रजिस्ट्रेशनचं पेमेंट वेगळं सांगा, कारण त्याच्या बदल्यात काहीच वस्तू आलेली नसते, तिथे "माल मिळाला ना" चालत नाही. विकणाऱ्याशी बोलणं व्हॉट्सॲपवर झालं असेल तर चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, माझ्याकडच्या अर्ध्या मेसेजेस त्याने "डिलीट फॉर एव्हरीवन" केल्या.

सध्या त्याचं पेज नव्या नावाने सुरू आहे, व्हिडिओ तोच, दोन डोंगरमाथ्यांचा. मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. ज्यांच्याकडे असाच ईटीए पीडीएफ आला असेल आणि ज्यांनी सेटमागे १,६०० भरले असतील त्यांनी पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि सेटमागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि मला मेसेज करा. सेट चालू करू नका, पॅक करून ठेवा, बॉक्स आणि तो प्रोग्रामिंगचा स्टिकर फेकू नका.