पाण्यातल्या कुंडीखाली काय ठेवावं? बाजारात मिळणाऱ्या स्टँडची पारख

कमळ किंवा लिलीची कुंडी हौदात ठेवताना उंचीचं गणित आधी करावं लागतं. नुकत्याच लावलेल्या लिलीच्या मातीवर १० ते १५ सेंटीमीटर पाणी पुरे. झाड जोमात आलं की ३० ते ४० सेंटीमीटरही चालतं. वेखंडासारख्या काठावरच्या झाडांना मातीवर ५ सेंटीमीटर पाणी असलं तरी भागतं. हौदातलं पाणी ५५ सेंटीमीटर, कुंडी २० सेंटीमीटर उंच आणि मातीवर २० सेंटीमीटर पाणी हवं असेल, तर स्टँड १५ सेंटीमीटरचा लागतो. हे सगळ्यांना जमतं. चूक होते ती पुढे, स्टँड कशाचा घ्यायचा ते ठरवताना. नर्सरीत मिळणारे बहुतेक स्टँड गॅलरीतल्या कुंड्यांसाठी बनवलेले असतात. ते पाण्याखाली राहतील आणि त्याच पाण्यात मासे श्वास घेतील, याचा विचार त्यात केलेला नसतो.

जस्ताचा मुलामा दिलेले स्टँड, म्हणजे दुकानदार ज्यांना ‘जीआय’ म्हणतात ते, माशांच्या पाण्यात नकोतच. ते गंजत नाहीत म्हणून खास पाण्यासाठी सुचवले जातात आणि तिथेच घात होतो. मुलाम्यातलं जस्त हळूहळू पाण्यात उतरतं आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार भरपूर असतील, तर जस्ताचा त्रास कमी होतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या हौदात असा स्टँड उन्हाळाभर निर्धोक वाटतो तो त्यामुळे. मग जून-जुलैत पावसाचं पाणी भरतं, हौदातलं पाणी मऊ होतं, त्याची आम्लता थोडी वाढते आणि त्याच स्टँडवरून जास्त जस्त सुटायला लागतं. शिवाय मऊ पाण्यात तेवढंच जस्त जास्त बाधतं. मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात आणि दोष नव्या खाद्याला किंवा पावसाला दिला जातो. कोकणात, किंवा गच्चीवर पावसाचं पाणी साठवून हौद भरणाऱ्यांकडे, ही चूक सर्वांत महागात पडते. तांबं आणि पितळ यांचंही असंच आहे. गोगलगाई आणि झिंगे तर तांब्याने माशांच्याही आधी मरतात. त्यामुळे पितळी स्क्रू, तांब्याची तार किंवा मोरचुदाच्या पाण्यात बुडवून काढलेला बांबू यांतलं काहीही स्टँडमध्ये वापरू नये.

पावडर कोटिंग केलेले लोखंडी स्टँड दिसायला छान असतात. रंग शाबूत आहे तोवर अडचण नसते. पण वेल्डिंगच्या सांध्यावर आणि पायांच्या टोकाला तो आधी उडतो, कारण तिथे थर पातळ बसतो आणि कुंडी सरकवताना घासही तिथेच बसते. गंजलेलं लोखंड माशांना जस्तासारखं बाधत नाही, हेही सांगायला हवं. अडचण आहे ती रंगाखालच्या प्राइमरची, कारण तो कोणता लावला आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. दुसरी अडचण वजनाची. सांधा गंजून एक पाय बसला की कुंडी कलंडते आणि सगळी माती हौदात पसरते.

स्टीलच्या बाबतीत एक गैरसमज पक्का बसलेला आहे: चुंबक चिकटला नाही की स्टील उत्तम. बाजारातलं स्वस्त स्टील बहुतेकदा २०२ ग्रेडचं असतं आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही, जसा ३०४ ला चिकटत नाही. गोड्या पाण्यात ३०४ चांगलं टिकतं. २०२ ला काही महिन्यांत सांध्याशी तपकिरी ठिपके दिसायला लागतात. किनाऱ्यालगत विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ३०४ लाही खड्डे पडू शकतात, तिथे ३१६ लागेल. पण एवढा खर्च एका कुंडीसाठी करण्याचं कारण दिसत नाही.

आता सिमेंट. नवीन सिमेंटच्या ठोकळ्यातून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप, चढतो. छोट्या टाकीत तो सहज ९ च्या वर जातो. निव्वळ पीएच चढल्याने मासे मरतात असं वाटतं, पण खरा धोका पाण्यात आधीच असलेल्या अमोनियाचा आहे. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा-एक टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो ५ टक्क्यांच्या आसपास जातो आणि ९ ला एक तृतीयांशाहून जास्त होतो. म्हणजे पाणी तेच, माशांची विष्ठा तेवढीच, आणि एका ठोकळ्यामुळे तेच पाणी घातक होतं. सिमेंटचा ठोकळा वापरायचाच असेल तर वेगळ्या टबात किमान ३ ते ४ आठवडे बुडवून ठेवावा आणि दर ३ दिवसांनी पाणी बदलावं. शेवटचं बदललेलं पाणी ४८ तासांनी तपासावं. ते साध्या पाण्याएवढ्याच पीएचचं निघालं तरच ठोकळा हौदात जाऊ द्यावा. व्हिनेगरमध्ये बुडवून काम लवकर होतं असं सांगतात, पण व्हिनेगरने फक्त वरचा थर धुतला जातो, आतला चुना मागून येतच राहतो. नवा हौद मुरवायला काही जण केळीचा खांब टाकतात. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो, म्हणून मासे सोडण्याच्या बऱ्याच आधी तो काढून पाणी बदललेलं बरं. बांधकामावरचे पांढरे हलके एएसी ब्लॉक मात्र अजिबात घेऊ नका. त्यांतही चुना असतो आणि कोरडे असताना ते पाण्यावर चक्क तरंगतात.

भाजलेली वीट हा जुना आणि चांगला पर्याय, पण वीट नीट भाजलेली हवी. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला तर ती चालेल. बद्द आवाज करणारी कच्ची वीट काही आठवड्यांत भिजून भुगा होते. रचताना सिमेंटने सांधू नका, कोरड्याच ठेवा. त्याहून सोपी वस्तू म्हणजे पालथी घातलेली मातीची कुंडी. ती जड असते, पाण्यात काही सोडत नाही, आणि तळाच्या भोकातून हवा निघून जाते, म्हणून तरंगत नाही. कुंभाराकडची साधी, रंग न दिलेली कुंडी घ्यायची. गेरू किंवा ऑइलपेंट लावलेली घेऊ नये. काठाला एक छोटी खाच पाडली तर आतलं पाणी कोंडून कुजत नाही.

दगडांत काळा पाषाण आणि ग्रॅनाइट निर्धास्त वापरावेत. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत. ते सिमेंटसारखे एकदम पीएच चढवत नाहीत, पण पाणी हळूहळू जड करतात. गोल्डफिश आणि गप्पींना याचा त्रास नाही. मऊ पाणी लागणाऱ्या माशांच्या टाकीत मात्र टाळा. ओळखायचं असेल तर कोरड्या दगडाचा तुकडा खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. तो तुकडा परत पाण्यात टाकू नका.

प्लास्टिकमध्ये मंडईतले भाजीचे क्रेट पालथे घालणं लोकप्रिय आहे. ते एचडीपीईचे असतात, त्याच्या अंगी विषारी काही नसतं. पण हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं. कुंडी उचलली की क्रेट वर येतो, म्हणून आत पाषाणाचा एखादा तुकडा बांधावा. मोठ्या गोल्डफिश आणि कोई मासे हात घालायच्या खाचेत अडकू शकतात, त्या खाचा भिंतीकडे वळवाव्यात. वापरलेले निळे ड्रम कापून स्टँड करण्याचा सल्ला दिला जातो. त्यात आधी कोणतं रसायन होतं ते कळायला मार्ग नाही, म्हणून तो आमच्या यादीत बसत नाही. रंगाच्या रिकाम्या बादल्यांचंही तेच, कारण रंगात बुरशीनाशक असतं.

सगळ्यांत समाधानकारक उतरलेला प्रकार म्हणजे शेतीच्या पाइपलाइनचा ११० मिलिमीटरचा यूपीव्हीसी पाइप. पाइपवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४९८५ हा आकडा छापलेला असावा, तो पिण्याच्या पाण्याच्या पाइपचा मानक आहे. सांडपाण्याच्या पाइपवर आयएस १३५९२ असतं. दोन्ही शेजारी ठेवले असतील तर पहिलाच घ्यावा. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड असल्याने, आत हवा अडकली नाही तर ते बुडतं. ३० सेंटीमीटर तोंडाच्या कुंडीसाठी १५ सेंटीमीटरचे ४ तुकडे लागतात, म्हणजे ६० सेंटीमीटर पाइप. हार्डवेअरच्या दुकानात उरलेल्या तुकड्यांत एवढा सहज निघतो. तुकडे अगदी सारख्या उंचीचे कापावेत. पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने खूण केली की हेक्सॉ वाकडी जात नाही. कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, नाहीतर हौदात अंथरलेली ताडपत्री किंवा प्लास्टिकचा लायनर फाटतो. चारही तुकडे उभे करून २ बाय २ असे चिकटून ठेवायचे आणि वर-खाली नायलॉनच्या केबल टायने आवळायचे. पाइप चिकटवायचं सोल्यूशन लागतच नाही. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कडेपासून १ सेंटीमीटरवर ८ मिलिमीटरचं भोक पाडायचं, आणि खालच्या कडेला २ सेंटीमीटरची खाच. वरचं भोक विसरलं तर कुंडीचा सपाट तळ झाकणासारखा बसतो, आत हवा कोंडते आणि अख्खा स्टँड डुगडुगतो. पाण्यात पडल्यावर तो एका बाजूला तिरका होत असेल तर कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

एल्बो आणि टी जोडून चौकट करणारे सोल्यूशन वापरतात. ते पूर्ण वाळलं की निर्धोक होतं, पण घाई करू नये. सांधे सावलीत २ ते ३ दिवस ठेवावेत आणि वास पूर्ण गेल्यावर एकदा धुऊन घ्यावेत. आडव्या पाइपना दोन्ही टोकांकडे भोकं पाडावीत. सिलिकॉन लावायची वेळ आली तर बुरशीरोधक, म्हणजे बाथरूमसाठीचं, घेऊ नये. त्यातली औषधं माशांनाच मारतात. काचेची टाकी चिकटवायचं साधं सिलिकॉन घ्यावं, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो. तेही पाण्यात घालण्याआधी आठवडाभर सुकू द्यावं.

कुठलीही वस्तू हौदात घालण्याआधी बादलीत तपासून घ्यावी. दोन स्वच्छ बादल्यांत प्रत्येकी १० लिटर एकच पाणी भरायचं, एकीत वस्तू बुडवायची, दुसरीत नुसतं पाणी ठेवायचं. पीएच पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी दोन्हींत मोजायचा. मोजणी सकाळीच करावी, कारण शेवाळ असेल तर दुपारी पीएच आपोआप चढतो. कागदी पट्टीपेक्षा थेंबांचं टेस्ट किट विश्वासाचं. दोन बादल्यांच्या पीएचमध्ये ०.५ हून जास्त फरक पडला, वास आला किंवा पाण्यावर तवंग दिसला, तर वस्तू परत. ही चाचणी जस्त आणि तांबं पकडत नाही, म्हणून त्या धातूंना आधीच नकार द्यायचा.

वजनाचा अंदाज चुकतो तो कुंडी काढताना. १० लिटर ओली माती हवेत साधारण १८ किलो भरते, पाण्यात तिचा भार ८ किलोच जाणवतो. त्यामुळे स्टँडवर भार कमी येतो, पण कुंडी पाण्याबाहेर काढताना कंबर आणि कुंडीचा काठ दोन्ही सांभाळावे लागतात. काचेच्या टाकीत चार टोकांवर भार देणारा स्टँड नको, सपाट तळाचा हवा. लायनरच्या हौदात स्टँडखाली त्याच लायनरचा उरलेला तुकडा दोन पदरी अंथरावा.