व्हिएतनाममधल्या सापा शहराजवळची भातखाचरं: दिवाळीत नको, मेअखेर जा

व्हिएतनामच्या सापा या डोंगरी शहराहून परतलेले बरेच मुंबईकर "सगळं धुकंच होतं" म्हणतात. दोष जागेचा कमी, तारखांचा जास्त. सापा साधारण 1500 मीटर उंचीवर. थंडीमुळे इथे वर्षाला भाताचं एकच पीक निघतं: मेअखेर ते जूनमध्ये लावणी, सप्टेंबरात कापणी. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर नुसती धसकटं दिसतील, नाताळात धुकं. शेतं पिवळी होतात ती नेमकी गणपतीच्या आगेमागे. घरी गणपती असेल तर मेअखेर धरा. पाण्याने भरलेल्या खाचरांत आभाळ उतरतं, ते पिवळ्या रंगाहून सरस. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि दरडी, तेव्हा नकोच.

दुसरी चूक पॅकेजची. एक रात्र सापा शहरात, सकाळी कात कात गाव, दुपारी फान्सीपान शिखराची केबल कार. कात कातला तिकीट, दुकानं आणि फोटोसाठी भाड्याचे पोशाख. फान्सीपान 3147 मीटर, केबल कार सहा किलोमीटरहून लांब. वर ढग असतील तर महागडं तिकीट पाण्यात. आकाश स्वच्छ दिसेल त्याच सकाळी काढा.

खाचरं पाहायची तर मुओंग होआ खोऱ्यात, ता वान गावात दोन रात्री राहा. हे ज़ाय जमातीचं गाव, वाटेतलं लाव चाय काळे कपडे घालणाऱ्या 'काळ्या ह्मोंग' जमातीचं. सापाहून चालत बारा-एक किलोमीटर, चार-पाच तास. चढ फार नाही, पण पावसानंतर चिकणमातीवर सह्याद्रीत मुरलेलेही घसरतात. गमबूट भाड्याने मिळतात, घ्या. बांधाच्या कडेवर पाय देऊ नका. बांध फुटला की वरच्या खाचराचं पाणी खालच्यात जातं, हे कोकणातल्यांना सांगायला नको. ह्मोंग बायका सोबत चालू लागतात, निसरड्या जागी हात देतात आणि शेवटी भरतकामाच्या पिशव्या काढतात. घ्यायचं नसेल तर सुरुवातीलाच सांगा. त्यापेक्षा त्यांच्यातलीच एक वाटाडी म्हणून पैसे ठरवून घ्या, म्हणजे दोघांनाही अवघडायला होत नाही. निळीत रंगवलेलं कापड घेतलंत तर मात्र वेगळं धुवा, रंग सुटतो.

हनोईहून सापा सुमारे 315 किलोमीटर, बसने पाच-सहा तास. रात्रीची स्लीपर पहाटे तीन-चारलाच पोचते आणि हॉटेलं बंद असतात, म्हणून सकाळची बस बरी. चपला बसच्या दारातच काढून पिशवीत ठेवायच्या. उंच माणसाचे पाय बर्थमध्ये मावत नाहीत. लाव काय शहर ते सापा हे शेवटचे 38 किलोमीटर घाटाचे. कसाऱ्यात ज्यांना मळमळतं त्यांनी पुढचा, खालचा बर्थ मागावा. वयस्कर असतील तर रात्रीची ट्रेन लाव कायपर्यंत, पुढे तासभर गाडी.

शाकाहाऱ्यांनी नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. भाजीतही नुओक माम, म्हणजे माशाचा सॉस असतो. "आन चाय", म्हणजे शाकाहारी जेवण, असं म्हणा. गरम भात सगळीकडे मिळतो, मेतकूट आणि दाण्याची चटणी सोबत असली की झालं.

पैसे देताना नोटेवरचे आकडे वाचा: 20,000 आणि 5,00,000 डोंगच्या दोन्ही नोटा निळसर असतात.