शेवाळेवाडीचा टू बीएचके, दीड वर्ष राहून झाल्यावर

गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, सोलापूरला आले आहे. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला उभी होते, तिथंच जुन्या गल्लीतल्या बायकांनी गाठलं. "पुण्यात घर घेतलंस म्हणे. कितीला पडलं गं? आणि पाणी कसंय तिथं?" चार दिवस झाले, ज्याच्या घरी जावं तिथं हेच दोन प्रश्न. आपल्याकडून पुण्याला जाणारी घरं वाढत चालली आहेत, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

आमचं घर म्हणजे सोलापूर रोडवर, हडपसरच्या पुढं शेवाळेवाडीत, आठ वर्षं जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा रिसेलचा टू बीएचके. कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ६१० चौरस फूट. मे २०२४ मध्ये ३८ लाखांना घेतला. मिस्टर हडपसरच्या कंपनीत फिटर आहेत, त्याआधी तीन वर्षं ते तिथं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, राहत होते. मी सोलापुरात अशोक चौकाजवळच्या भाड्याच्या घरात मुलगी आणि सासूबाईंना घेऊन, शाळेचे गणवेश नगावर शिवत होते. मुलगी आठवीत जाणार होती. आता नाही हललो तर दहावीपर्यंत हलता येणार नाही, असा तो हिशोब होता.

आधी जे फसलं ते सांगते. पहिलं घर आम्ही बांधकाम चालू असलेल्या साइटवर बघितलं. सॅम्पल फ्लॅट इतका सजवलेला की सासूबाईंचे डोळे भरून आले. सांगितली किंमत ३६ लाख, आणि त्या आनंदात ५१ हजारांचं टोकन देऊन बसलो. घरी येऊन कागद वाचला तर तोंडी सांगितलेलं "नऊशे फूट" हे सेलेबल होतं, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. कार्पेट ५६०. पुढच्या आठवड्यात फोन, "चार लाख भरा, ॲग्रीमेंट नंतर करू." रेरा या घरखरेदीच्या कायद्यानं रजिस्टर करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ३६ लाखांचे १० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार, त्यात टोकन आधीच गेलेलं. मी हे सांगितल्यावर समोरच्याचा आवाजच बदलला. टोकन परत मिळायला अडीच महिने आणि पाच फेऱ्या लागल्या. ते अडीच महिने मी रात्री नीट झोपले नाही. ५१ हजार म्हणजे किती गणवेश, हे शिवणाऱ्यालाच कळतं.

त्याच एजंटनं सांगितलं होतं, "ताई, पंतप्रधान आवासची अडीच लाख सबसिडी मिळेल." ती जुनी व्याज सबसिडी मार्च २०२२ मध्येच बंद झाली होती. सप्टेंबर २०२४ पासून नवी योजना आली आहे, पण तिच्यात घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत लागतं, आणि मिळतात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच हप्त्यांत. सबसिडी धरून कुणीही बजेट आखू नका.

यानंतर ठरवलं, तयार घरच घ्यायचं. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. आपल्या बजेटचं घर असलं, म्हणजे ४५ लाखांच्या आत आणि पुण्यात कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत, तर १ टक्का, नाहीतर ५. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी दिल्याचा दाखला, मिळालेल्या तयार घरावर तो लागतच नाही. पण खरं कारण वेगळं होतं. तयार घरात नळ सोडून बघता येतो.

शेवाळेवाडीचं घर एका ओळखीच्या बाईनं दाखवलं. मालकानं ४१ लाख सांगितले. मी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर बसले. तिथं गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या इमारतीत कोणता फ्लॅट कितीला नोंदला गेला ते इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या उताऱ्यावर, फुकट दिसतं. साइट फार हळू चालते, कॅप्चा चार-चारदा टाकावा लागतो, पण चिकाटी धरा. त्याच सोसायटीतले दोन फ्लॅट आदल्या वर्षी ३६ आणि साडेछत्तीस लाखांना नोंदलेले सापडले. प्रिंट काढून समोर ठेवल्या आणि ३८ वर सौदा झाला. आवाज चढवावा लागला नाही.

दुसऱ्या भेटीला मी माझी शिलाईची टेप घेऊन गेले. दीडशे सेंटिमीटरची, टोकाची पत्र्याची पट्टी झिजलेली. मुलगी वहीत लिहीत होती आणि मी भिंतीला टेप लावत सरकत होते. हॉल, दोन्ही बेडरूम, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, सगळं मिळून ५८८ चौरस फूट भरलं. मालकाला वाटलं आता मी भांडणार. वकिलांना विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं की रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत. आतल्या भिंतींचे बावीस चौरस फूट धरले की हिशोब जुळला. स्वयंपाकघर मात्र ७ बाय ८ फुटांचं, एवढंसंच. दोघी उभ्या राहिलो की ओट्यापाशी कोपर लागतं. छोट्या बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीखाली साडेचार फूट जागा निघाली. माझी मशीन चार फुटांची आहे. त्या खिडकीपाशी उभी असतानाच माझं मन ठरलं होतं, बाकीचे कागद नंतर झाले.

आता पाणी. मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी पहाटेच सोसायटीच्या गेटवर जाऊन थांबले. मालकाला आधी कळवलं नव्हतं. वॉचमनदादांकडे टँकरची वही असते. ती त्यांनी दाखवली, कारण मी स्पष्ट सांगितलं, सोलापूरची आहे, पाण्यासाठी आले आहे. एप्रिलमध्ये रोज दोन टँकर, मेमध्ये तीन, पावसाळ्यात एकही नाही. म्हणजे उन्हाळ्यात टँकरवर चालणारी सोसायटी, हे मी समजून उमजून घेतलं. मेंटेनन्स २,२०० रुपये आहे, एप्रिल-मेमध्ये वर टँकरचे ७०० येतात. ज्यांना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं ते आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

पैशांचा हिशोब तसाच मांडते, कारण सगळ्यांची घसरण इथंच होते. ३० लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. आम्हाला ३० लाख मिळाले, वीस वर्षांसाठी, पावणेनऊ टक्क्यांनी, हप्ता साडेसव्वीस हजार. ८ लाख पदरचे. एवढं सगळे धरतात. विसरतात ते पुढचं. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं, आणि ते करारातली रक्कम किंवा सरकारी बाजारभाव यात जे जास्त त्याच्यावर. नोंदणी फी ३० हजार. बँक ही रक्कम घराच्या किमतीत धरत नाही, रोख लागते. सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजार. त्याच्यावर मागायचा सोसायटीला अधिकार नाही, आणि आमच्या कमिटीनं मागितलेही नाहीत. ओळखीच्या बाईंचे १ टक्का म्हणजे ३८ हजार. वकील आणि बँकेची फी मिळून वीसेक हजार. मुद्रांक शुल्कातली १ टक्का सवलत (ती खाली सांगते) धरून सगळं मिळून घरातून ११ लाख ४० हजारांच्या आसपास गेले. त्यात मिस्टरांच्या पीएफमधून काढलेले आहेत, माझ्या पाटल्या आहेत आणि नऊ वर्षांची माझी आरडी आहे.

मुद्रांक शुल्कात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. कर्जात दोघं राहू शकतात. मिस्टरांनी स्वतःहून सांगितलं, "तुझ्या एकटीच्या नावावर घे, ३८ हजार वाचतात." दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दिवसभर बसलो, अंगठा उठेना, कारण सुई टोचून टोचून बोटाच्या रेषा पुसट झालेल्या. तिथल्या मुलानं ओल्या कपड्यानं पुसून तिसऱ्यांदा ठेवायला लावला तेव्हा उठला. 'लिहून घेणार', म्हणजे घर विकत घेणार, याच्यापुढं माझं नाव. सोलापुरात अठरा वर्षं भाडेपावतीवरसुद्धा माझं नाव कधी नव्हतं. तो कागद मी अजून अधूनमधून काढून वाचते.

आता राहण्याबद्दल. एसटी दारावरून जाते, त्यामुळे सोलापूर तुटलं नाही. हुतात्मा एक्स्प्रेसला मात्र पुणे स्टेशन गाठावं लागतं आणि हडपसर गाडीतळाच्या गर्दीत तासभर हमखास जातो. पीएमपीचा डेपो शेवाळेवाडीतच आहे, बसला बसायला जागा मिळते. मिस्टर सायकलनं जातात. मुलीच्या शाळेत तुकडी मोठी आहे, पण गणिताच्या बाई चांगल्या मिळाल्या.

सासूबाईंना वेळ लागला. सोलापुरात आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचं आणि त्या पहाटे उठून घागरी भरून ठेवायच्या. शेवाळेवाडीत रोज पाणी येतं हे दिसत असूनही पहिले दोन महिने त्या चारला उठत, अंधारात नळ सोडून हंड्यावर हात ठेवून उभ्या राहत. हंडा भरला की निजत. मी कधी अडवलं नाही. आता उठत नाहीत, पण ओट्याखाली तीन हंडे भरलेले असतात. त्यांना दारापुढचा ओटा पाहिजे होता बसायला, इमारतीत तो नाही. जिन्याखालच्या बाकावर बार्शीकडच्या एक आजी भेटल्या, तेव्हापासून बरं आहे.

आता उणी बाजू. हायवेचा आवाज रात्रभर, बाल्कनीचं दार उघडं ठेवता येत नाही. लिफ्ट महिन्यातून एकदा तरी बंद. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बिल्डरनं अजून जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीला करून दिलेलं नाही, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नाही. आता सोसायटी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारकडून जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज करते आहे, त्यासाठी प्रत्येकी वर्गणी काढली. हे मला घेताना माहीत होतं, वकिलांनी सांगितलं होतं. त्याच्या बदल्यात भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची नोंदणी, मालकी तपासणारा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र हे सगळं स्वच्छ होतं, म्हणून घेतलं. भोगवटा नसता तर मशीनला कितीही उजेड असता तरी घेतलं नसतं. एक राहिलं, स्वतः राहत असाल तर महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. आधीच्या मालकानं घर भाड्यानं दिलेलं होतं, त्यामुळे ती लागत नव्हती. त्या सवलतीचा पीटी-३ अर्ज आपण होऊन भरावा लागतो.

पाचपैकी चार देते. एक अभिहस्तांतरणासाठी कापला. स्वयंपाकघरासाठी कापत नाही, ते मी टेप लावून बघूनच घेतलं होतं.

सोलापुरात बसून हे लिहिताना शेजारच्या अक्कांचं घर आठवलं. त्या विड्या वळतात. कुंभारीला रे नगरात १९ जानेवारी २०२४ ला १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, त्यात त्यांची एक. ३० हजार घरांची ती वसाहत, आणि ते घर मिळायला त्या किती वर्षं मोर्चाला जात होत्या ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काल त्यांच्या नव्या घरी जाऊन चहा घेतला. भिंतीला हात लावत त्या म्हणाल्या, "माझं आहे गं हे." मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं.

त्यांच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आहे आणि उंड्रीकडे एक घर आवडलं आहे, या रविवारी बयाणा द्यायचा म्हणत होता. मी म्हटलं, आधी भोगवटा बघ, इंडेक्स टू काढ, आणि बयाणा मेपर्यंत देऊ नको. मे महिन्यात मी येते तुझ्याबरोबर. पहाटे वॉचमनची वही बघू. टेप माझी आहेच.