बैलाचं दावं: अंबाडीचं घ्यावं की नायलॉनचं?

पोळा जवळ आला की आठवडी बाजारात वेसणी, कासरे, मोरक्या आणि घुंगरमाळांच्या शेजारी दोरांचे दोन ढीग लागतात. एक पिवळ्या-निळ्या नायलॉनचा, दुसरा अंबाडीच्या खोडातून काढलेल्या बदामी धाग्याचा. दुसरा ढीग वर्षागणिक लहान होतोय, कारण ज्वारीच्या वावरात आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी पेरणारे कमी झाले. तरी जोडीसाठी दावं घ्यायला निघाला असाल तर त्या ढिगाकडे पाठ फिरवण्याआधी थोडा विचार करा.

नायलॉनची बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. पावसात कुजत नाही, उंदीर फारसे लागत नाहीत, शेणामुताने खराब होत नाही, चिखल झटकला की मोकळा होतो. मात्र बाजारात नायलॉन म्हणून मिळणारा दोर पुष्कळदा पॉलिप्रोपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकचा असतो. वीतभर तुकडा पाण्यात चांगला दाबून भिजवा आणि सोडा: वर आला तर बहुधा पॉलिप्रोपिलीन, तळाला गेला तर बहुधा खरं नायलॉन. पॉलिप्रोपिलीनला ऊन सोसत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा अंगणात पडून राहिलेल्या दोराला कुसळं सुटतात, हात फिरवला की टोचतात आणि पांढरी भुकटी हाताला लागते. असा दोर दिसायला जाड असला तरी झटक्याला तुटू शकतो. सावलीतल्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, मात्र तोच दोर बरीच वर्षं जातो.

अंबाडीचं उलट आहे. उन्हाचं तिला विशेष नाही, ओल मात्र खाते. दोर बहुधा मधोमध तुटत नाही. खुट्याजवळचा जो भाग मुतात पडून असतो, तिथूनच तो आधी जातो. पावसाळ्यात काळी माती पिऊन जड होतो आणि वाळला की काठीसारखा ताठतो. नवा दोर रात्रभर भिजवून, ताणून, सावलीत वाळवून मग करंजाच्या तेलाचा हात फिरवला तर बराच मऊ येतो आणि कडवटपणामुळे बैल तो चघळतही नाही. एवढं करूनही, माझ्या पाहण्यात, एका अंबाडीच्या दाव्याकडून एका पावसाळ्यापेक्षा फार जास्त अपेक्षा धरू नये.

इथवर हिशोब नायलॉनकडेच झुकतो. माझा कल फिरला तो गाठीमुळे.

खुट्याला सुरगाठच हवी. दोराचा खुट्याभोवती वेढा घ्यायचा, मोकळं टोक दुमडून त्यातून काढायचं आणि बैलाच्या बाजूने ओढून आवळायचं. बैलाने ताण दिला की गाठ घट्ट, माणसाने टोक ओढलं की एका हिसक्यात मोकळी. अंबाडीचा दोर खरबरीत असल्यामुळे ही गाठ जागची हलत नाही. नायलॉन गुळगुळीत. बैलाने रात्रभर मान हलवली की गाठ हळूहळू सरकते आणि पहाटे बैल शेजाऱ्याच्या तुरीत असतो, नाहीतर कोवळ्या ज्वारीत, जिथे विषबाधेची धास्ती वेगळीच. म्हणून लोक नायलॉनला निरगाठ मारतात, एकावर एक तीन-तीन. मग आठ-दहा मण ओझ्याचं ते जनावर मागे रेटलं की त्या गाठी अशा बसतात की नखाने सुटत नाहीत, दाताने सुटत नाहीत, शेवटी विळा लागतो. दर वेळी वीतभर दोर कमी.

रोजच्या कामात हा नुसता वैताग. पण कोठ्याला लागून कुटार (भुसा) आणि पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग असतो, आणि वाऱ्याच्या दिवसात ठिणगी उडाली तर जनावर सोडायला मिनिटही पुरत नाही. बैल घसरून पडला, मान मुरगळून दोरावर लोंबकळला, तरी तेच. पॉलिप्रोपिलीन तर आगीत वितळून कातडीला चिकटतं. अंबाडीची गाठही पावसात फुगते आणि कडक होते, हे खरं. पण दुमडलेलं टोक मोकळं असेल तर दोन हिसक्यांत येते.

पायात अडकला तर बारीक नायलॉन कापतो, हेही सोडून देण्यासारखं नाही. बैलाला 12 ते 14 मिलिमीटर जाडीच्या खाली जाऊ नये. गोऱ्ह्याला 8 चालतो.

साखळीचं थोडक्यात: चघळली जात नाही, भवरकडी (गरगर फिरणारी कडी) असली तर पीळ पडत नाही, पण उन्हात तापते आणि पायाला लागली की जखम करते. तिची भवरकडी मात्र दोरालाही लावून घ्यावी. गवळाऊ जातीसारखा चपळ बैल खुट्याभोवती फिरला की दोराला पीळ बसतो आणि दावं आखूड होत जातं. ती कडी हा त्रास वाचवते.

तुमचा कोठा सदा ओला असेल किंवा चांगली अंबाडी मिळतच नसेल तर नायलॉन घ्या, बुडणारं घ्या, आणि खुट्याला दोन-तीन पूर्ण वेढे देऊन मग सुरगाठ मारा. वेढेच ताण धरतात, गाठीवर थोडाच येतो. गळ्यातला फास कुठल्याही दोराचा सरकता नको. चार बोटं आत जातील एवढं माप ठेवून तिथे पक्की गाठ हवी. कोठ्यात लांबी साधारण तीन-चार फूट, म्हणजे बैल बसला की मान सरळ राहते आणि पाय दोरावरून जात नाही.

कोठा कोरडा असेल तर, मला विचाराल तर, अंबाडीच. घेताना पीळ थोडा उलगडून तिन्ही पदर आतून पाहा. तंतू लांब आणि चकचकीत हवेत. वर्षभराने तीच जागा पुन्हा उलगडा. आतून तपकिरी भुगा पडला तर त्या दोराने बैल बांधू नका, त्याचा उपयोग कडब्याच्या पेंढ्या बांधायला करा.