योगासनांसाठी हाताने विणलेले मोजे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बोटं आणि टाच उघडी ठेवणारे हे मोजे दिसायला सोपे आहेत: वरून खाली एक नळी आणि मध्ये टाचेसाठी एक भोक. पण आठ महिने, आठवड्यातले पाच दिवस तीन जोड्या आलटून पालटून वापरल्यावर मत पक्कं झालंय: मोजा चांगला की वाईट हे ते भोकच ठरवतं. ते लहान पडलं की काठ टाचेखाली येतो आणि मॅटवर पाय सरकतो. मग अनवाणी केलेलं काय वाईट?

आधी सामान. 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन असा मोज्यांचा बारीक धागा, 2.5 मिमीची 80 सेमी लांब गोल सुई (लवचीक तारेने जोडलेली दोन टोकं). 50 ग्रॅमचा, साधारण 200 मीटरचा गुंडा एका जोडीला पुरतो, मात्र पोटरीकडची उंची 15 सेमीच्या आत ठेवा. सुरुवातीलाच वजन करून 25-25 ग्रॅमचे दोन गुंडे करून घ्या. पाच सुयांवरही हे मोजे होतात, पण गोल सुईवर विणकाम चालू असतानाच पायात घालून बघता येतं, आणि इथे ते दोन-तीनदा करावंच लागतं.

टाक्यांचा हिशोब असा: 10 सेमीत 30 टाके बसत असतील आणि पायाचा घेर 23 सेमी असेल, तर घेरातून दहा टक्के कमी करायचे. उरले 20.7 सेमी, म्हणजे 62 टाके. दोन सुलट, दोन उलट विणायचं असल्याने चारने भाग जाणारी खालची संख्या घ्यायची, 60. कमी केलेले ते दहा टक्केच मोजा पायावर धरून ठेवतात.

वरचा काठ सैल हवा, कारण टाच शेवटी बाहेर राहणार असली तरी घालताना ती याच नळीतून जाते. त्यासाठी बरेच जण दोन सुया एकत्र धरून टाके घालतात. त्याने टाके मोठे होतात, पण दोन टाक्यांमधला धागा तेवढाच राहतो, आणि काठ ताणला जातो तो त्या मधल्या धाग्यामुळे. म्हणून एकाच सुईवर, दोन टाक्यांत थोडं अंतर सोडत टाके घाला.

आता टाच. सुमारे 60 फेऱ्या झाल्या की पहिले 30 टाके सुलटावर सुलट, उलटावर उलट विणत बंद करायचे. 60 पैकी 30 च का, तर बंद केलेला भाग दोन्ही टोकांना सुलट जोडीवर संपतो, उरलेला दोन्हीकडे उलट जोडीवर, आणि नमुना कुठे तुटत नाही. बहुतेक जण पुढच्याच फेरीत तिथे 30 नवे टाके घालतात. अशी नुसती चीर पुरत नाही. ताडासनात उभं राहिलं की तिचा खालचा काठ मागे ओढला जातो आणि टाचेच्या पुढच्या कडेखाली अडकतो. त्याऐवजी उरलेल्या 30 टाक्यांवर पुढे-मागे करत 9 ओळी विणा, शेवटची ओळ सुलट बाजूची. भोकाला दोन सेमीपेक्षा थोडी जास्त उंची मिळते आणि पूर्ण टाच मॅटवर टेकते. या एका बदलाने पहिल्या आणि तिसऱ्या जोडीत जमीन-अस्मानाचा फरक पडला.

नवे 30 टाके घालताना बोटावर नुसता वेढा घेऊन सुईवर चढवू नका, तो काठ लोंबतो. काम उलटं फिरवून, सुईवरच्या शेवटच्या दोन टाक्यांच्या मधून सुई घालून एकेक टाका ओढा, मग पुन्हा सुलट करून फेरी जोडा. दोन्ही कोपऱ्यांत हटकून भोकं पडतात. तिथला आडवा धागा पीळ देऊन उचला आणि शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणा.

पुढचा भाग चवड्याच्या सेंटीमीटरभर आधी संपला पाहिजे. पट्टीने मोजून फसगत होते, कारण विणकाम रुंदीला ताणलं की लांबीला आखडतं. पायात घालूनच ठरवा. शेवटचा काठ बंद करताना प्रत्येक टाक्याआधी सुईवर एक जादा वेढा घ्या आणि टाका विणून झाला की तो वेढा त्याच्यावरून काढून टाका. नाहीतर तासाभराने पायावर लाल वळ उठतो.

नक्षीचा मोह टाळा. पायावर पिळाची वेणी सुंदर दिसते, पण वज्रासनात पायाची वरची बाजू जमिनीवर दाबली जाते आणि ती वेणी बोचते. धाग्याचं टोक लपवण्याचंही तसंच. मांडी घातली की घोट्याची बाहेरची बाजू टेकते, म्हणून पुढच्या काठाचं टोक पायाच्या आतल्या बाजूला यायला हवं. फेरी भोकाच्या कोपऱ्यापाशी सुरू होते, म्हणजे एका पायात ती जागा आत येते आणि दुसऱ्यात बाहेर. दुसऱ्या मोज्याचा काठ 30 टाके पुढे जाऊन बंद करायला घ्या, टोक आपोआप आत येतं.

उणिवाही आहेत. वृक्षासनात तळव्याच्या मधला लोकरीचा पट्टा मांडीवरच्या कपड्यावरून घसरतो. त्यावर उपाय सापडलेला नाही. शवासनात बोटं गार पडतात. सुती जोडी धुतली की आटोपशीर होते, पण अर्ध्या तासात सैल पडून घोट्यापाशी गोळा होते. सुतात लवचीकपणाच नाही. अ‍ॅक्रेलिकची आकार छान धरते, पण घाम शोषत नाही, आणि चुकून इस्त्री लागली तर उलट-सुलट रेघा कायमच्या सपाट होतात. लोकर-नायलॉन गार पाण्यात, सौम्य साबणात धुवा, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि आडवीच वाळवा. ओली टांगली की लांब होते.

साधे मोजे टाचेला आणि अंगठ्याला विरतात. इथे ते दोन्ही भाग नाहीतच, त्यामुळे झीज होते ती तळव्याखालच्या पुढच्या काठाची. सहाव्या महिन्यात तिथे धागा पिंजल्यासारखा झाला. वरून खाली विणल्याचा फायदा इथे कळतो: काठ उसवायचा, चार-पाच फेऱ्या मागे यायचं आणि नव्या धाग्याने पुन्हा विणून बंद करायचं, अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी गुंड्यातला उरलेला धागा टाकू नका.