बाल न्याय मंडळातील सहा महिन्यांचा अनुभव : एक अभिप्राय

शेजारच्या ताईंच्या सोळा वर्षांच्या मुलावर मोबाइलचोरीचा आरोप आला आणि त्यांच्यासोबत मी आमच्या जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे जिथे चालतात तिथे, फेऱ्या घालू लागलो, त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतील किमान एक महिला. ते उंच मंचावर न बसता मुलाच्या समोर, त्याच पातळीवर बसले होते. एवढ्यानेच मुलाचा थरकाप थांबला. परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची-शाळेतली परिस्थिती पाहून मंडळाला अहवाल देणाऱ्या) बाई घरी आल्या, शाळेत गेल्या, वडिलांच्या सुटलेल्या नोकरीची चौकशी केली आणि त्यांच्या अहवालामुळेच मुलाला निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या ठिकाणी) न ठेवता आईच्या ताब्यात देऊन समुपदेशनाला पाठवले गेले. या बाईंना पैकीच्या पैकी गुण.

वेळेच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. कायद्याने चौकशीला चार महिने दिले आहेत आणि कारणे नोंदवून आणखी दोनच महिने वाढवता येतात, पण आमच्या तीन तारखा सदस्य हजर नसल्याने वाया गेल्या, ताईंची रोजंदारी बुडाली, आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत निकाल लागला नाही.

निरीक्षणगृह मी बाहेरूनच पाहिले, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. मुलगा आता आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम शिकतो आहे.